जुन्या चित्रफिती आणि जगज्जेत्यांची फेरतपासणी

माझा भाचा नांदेडला शिकायला आहे. कॉलेज करतो आणि संध्याकाळी बॉक्सिंगचा सराव करतो. अंगाने धिप्पाड, हाताने जड. गेल्या उन्हाळ्यात चार दिवस कंधारला आमच्याकडे आला होता. रात्री जेवणे झाल्यावर गच्चीवर पडल्या पडल्या मोबाईलवर काहीतरी बघत एकटाच हसत होता. काय बघतोस म्हणून विचारले, तर मोबाईल माझ्यापुढे धरला. काळी-पांढरी, पाऊस पडावा तशा रेघा पडलेली चित्रफीत. एक काळा आणि एक गोरा माणूस लुटूलुटू पळत एकमेकांच्या गळ्यात पडत होते, सुटत होते, पुन्हा गळ्यात पडत होते.

"मामा, हे बॉक्सिंग करायलेत का नाचायलेत? ह्याला म्हणं जगज्जेता म्हणत होते! आमच्या इथला कोणताबी पोरगा ह्याला एका राउंडात झोपवील."

"कोण आहे तो, माहीत आहे का?"

"असंल कुणीतरी जुना."

वाचकहो, तो 'कुणीतरी जुना' म्हणजे जॅक जॉन्सन होता! गुलामगिरीत जन्मलेल्या आईबापांचा मुलगा, टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनचा गोदी कामगार आणि हेवीवेट मुष्टियुद्धाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता. ज्या लढतीला माझा भाचा हसत होता ती 4 जुलै 1910 रोजी नेवाडा राज्यातील रेनो येथे झाली होती आणि तिच्या निकालानंतर अमेरिकेच्या शहराशहरांत काळ्या माणसांचे मुडदे पडले होते. हे मी त्याला सांगितले. तो गप्प झाला, पण पटले नाही हे मला दिसत होते. "ते खरं असंल मामा, पण खेळायला कुठं येतंय ह्याला?"

प्रश्न रास्त होता. चळवळीत आपण एखाद्याचे मोठेपण त्याच्या सोसण्यावरून ठरवतो आणि तेवढ्यावर थांबतो. भाचा विचारत होता की तो त्याच्या कामात कसा होता. मी वकील माणूस, पुरावा पाहिल्याशिवाय बोलणे मला शोभत नाही. म्हणून त्यानंतरचे काही महिने कोर्टाचे काम आटोपले की मी या जुन्या लढती खटल्याची फाईल वाचावी तशा बघत बसलो. त्या फेरतपासणीत काही माणसे माझ्या नजरेत वर चढली, काही उतरली. ज्याला मी आयुष्यभर डोक्यावर घेतले त्याच्याबद्दलही मला माझे म्हणणे दुरुस्त करावे लागले.

सुरुवात घड्याळापासून केली. बॉक्सिंगची एक फेरी तीन मिनिटांची असते. मी मनगटावरच्या घड्याळाने मोजले, तर भाच्याच्या मोबाईलवर ती दोन मिनिटांत संपत होती. त्या काळी कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवत. सेकंदाला साधारण सोळा चित्रे निघत. पुढे चोवीस चित्रांचे प्रमाण ठरले. सोळाचा माल चोवीसच्या वेगाने दाखवला की माणसे दीडपट वेगाने हलतात आणि जगज्जेता चार्ली चॅप्लिनसारखा दिसू लागतो. मोबाईलवर वेग कमी करण्याची सोय असते. तो कमी करून तीच लढत पुन्हा लावली तेव्हा समोर दुसराच माणूस उभा राहिला.

हा माणूस घाईत नाही. ताठ उभा आहे, भार मागच्या पायावर. डावा तळवा उघडा ठेवून तो समोरच्याचा ठोसा सुटण्याआधीच त्याच्या दंडावर थोपवतो आहे. गळ्यात पडणे म्हणून भाचा ज्याला हसला, ती तर त्याची खरी कारागिरी! जवळ ओढायचे, दोन्ही दंड जखडायचे आणि त्या वीतभर जागेतून उजव्या हाताचा ठोसा खालून वर हनुवटीवर द्यायचा. लढत पंचेचाळीस फेऱ्यांची ठरलेली होती, आजच्यासारखी बारा फेऱ्यांची नव्हे. डोक्यावर नेवाडातले जुलैचे ऊन. अशा लढतीत पहिल्या फेरीपासून धावणारा माणूस दहाव्या फेरीला बसतो. जॉन्सन समोरच्याला धावायला लावत होता आणि वर त्याच्याशी, त्याच्या कोपऱ्यातल्या लोकांशी गप्पा मारत होता. सोन्याचे दात दाखवत हसत होता!

समोर होता जिम जेफ्रीज. 1905 मध्ये अपराजित राहून निवृत्त झालेला. गोऱ्या वर्तमानपत्रांनी आणि जॅक लंडनसारख्या नामवंत लेखकाने त्याला शेतावरून ओढून आणले, कारण गोऱ्या वंशाची अब्रू राखायला दुसरा कोणी उरला नव्हता. पंधराव्या फेरीत तो आयुष्यात पहिल्यांदा खाली पडला. मग पुन्हा, मग पुन्हा. काळ्या माणसाच्या अंगात कळ सोसण्याची धमक नसते असे ज्यांनी वर्षानुवर्षे छापले, त्यांच्यासाठी हे पुराव्यानिशी उत्तर होते, आणि पुरावा फिरत्या रिळावर होता. म्हणूनच तो जाळ्यात अडकवण्याची धडपड सुरू झाली.

खरे तर ही धडपड त्याच्या आधीची आहे. 26 डिसेंबर 1908 रोजी सिडनीत जॉन्सनने टॉमी बर्न्सकडून अजिंक्यपद घेतले. बर्न्सला 30 हजार डॉलर आणि त्याला हरवणाऱ्याला 5 हजार, असा तो करार होता. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली आणि त्याच सुमारास कॅमेराही बंद करण्यात आला. गोरा जगज्जेता कोसळतानाचे दृश्य जगाने पाहू नये म्हणून! आजही ती चित्रफीत तिथेच तुटते. कॅमेरा कोणाच्या हातात आहे आणि तो नेमका केव्हा बंद होतो, हे आपल्या लोकांना शिकवावे लागत नाही. अॅट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने कलम 15अ(10) आले, खटल्याच्या कामकाजाचे चित्रीकरण करावे अशी त्यात तरतूद आहे. ती किती ठिकाणी पाळली जाते हे पीडितांना विचारा. असो.

रेनोच्या लढतीची चित्रफीत अनेक शहरांनी बंद पाडली. 1912 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने सिम्स कायदा करून मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे आणि परदेशातून आणणे गुन्हा ठरवला. कायद्यात काळा-गोरा असा शब्द नाही. तो कशासाठी आहे हे मात्र सर्वांना ठाऊक होते. भाषा सर्वांना समान आणि नेम एकावर, अशी कायद्याची करामत आपल्याकडच्या वकिलांना नवीन नाही. पुढच्याच वर्षी जॉन्सनला मॅन कायद्याखाली, म्हणजे गोऱ्या स्त्रीला अनैतिक हेतूने राज्याबाहेर नेल्याच्या आरोपाखाली, सर्व गोऱ्या ज्युरीने दोषी धरले. शिक्षा एक वर्ष आणि एक दिवस. जून 1913 मध्ये तो देश सोडून निघाला. पुढच्याच महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. एक काळा जगज्जेता ज्या अमेरिकेतून परागंदा झाला त्याच अमेरिकेत आपल्या बापाला कोलंबिया विद्यापीठाचे दार उघडे मिळाले. या दोन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यातल्या आहेत, आणि अमेरिकेबद्दल बोलताना दोन्ही लक्षात ठेवाव्यात.

5 एप्रिल 1915 रोजी हवानात जेस विलर्डने जॉन्सनला सव्विसाव्या फेरीत पाडले. आता गंमत बघा! गोरा जिंकला, गोऱ्यांना ती चित्रफीत बघायची होती, पण जॉन्सनचा विजय लपवायला केलेला कायदाच आडवा आला. सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही हरले. मग 1916 मध्ये काही बहाद्दरांनी कॅनडाच्या हद्दीवर रीळ चालवायचे यंत्र अलीकडे-पलीकडे अशा बेताने मांडले की मूळ फीत कॅनडातच राहावी आणि तिचा उजेड हद्द ओलांडून अमेरिकेतल्या कोऱ्या फितीवर पडावा. वस्तू आणलीच नाही, फक्त प्रकाश आणला, असा त्यांचा युक्तिवाद! कोर्टाने तो फेटाळला. वकील म्हणून मला मात्र त्या डोक्याचे कौतुक वाटते. तो कायदा रद्द व्हायला 1940 उजाडले.

या हवानाच्या लढतीबद्दल जॉन्सनने पुढे सांगितले की आपण पैसे घेऊन मुद्दाम पडलो. खाली पडल्यावर तो उन्हापासून डोळे झाकून घेतो आहे असा फोटो आहे, तो पुरावा म्हणून फिरत राहिला. आपल्यातल्या अनेकांना हे खरे मानायला आवडेल. मलाही आवडले असते. पण लांब चित्रफीत बघितली की ते टिकत नाही. सदतीस वर्षांचा, अंगाने सुटलेला माणूस वीस फेऱ्यांपर्यंत चांगला लढतो, मग पाय जड होतात, हात खाली येतात आणि उंच, ताकदवान, तरुण विलर्ड त्याला पाडतो. विकायचेच असते तर सव्वीस फेऱ्या उन्हात कोण भाजत बसेल? तो हरला. हरण्यात कमीपणा नाही, खोटे बोलण्यात आहे.

याहून मोठा आक्षेप दुसराच आहे. अजिंक्यपद हातात आल्यावर जॉन्सनने कृष्णवर्णीय दावेदारांना जवळजवळ दारच बंद केले. 1913 मध्ये पॅरिसला एका काळ्या मल्लाशी लढला तेवढाच. ज्या सॅम लँगफोर्डशी तो 1906 मध्ये लढला होता, त्याला जगज्जेता झाल्यावर संधी दिलीच नाही. गोऱ्यांशी लढले की गल्ला जास्त जमतो, हा हिशोब. राखीव जागेवरून वर जाऊन मागे शिडी ओढून घेणारे आपल्याकडेही आहेत. नावे घ्यायला नकोत, वाचकांना आपापल्या तालुक्यातली आठवतील. तरीही भाच्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, खेळ म्हणून बघितले तर जॉन्सनला येत होते. आजचे हेवीवेट त्याच्याहून वीतभर उंच आणि पंचवीस-तीस किलो जड असतात, त्यांच्यापुढे तो शक्तीत कमी पडेल. पण जवळच्या लढतीत हात जखडण्याची त्याची विद्या आजही फार थोड्यांकडे आहे.

डेम्प्सीवर जास्त शाई खर्च करत नाही. 1919 मध्ये विलर्डला पहिल्या फेरीत सात वेळा पाडतानाची त्याची फीत अंगावर काटा आणते, पण पडलेला माणूस उठत असताना शेजारी उभे राहून मारायची मुभा तेव्हाच्या नियमात होती, हे ध्यानात ठेवून ती बघावी. आणि हॅरी विल्स नावाचा काळा दावेदार वर्षानुवर्षे दारात उभा असताना त्याच्याशी डेम्प्सीची लढत कधी झालीच नाही.

जो लुई मात्र माझ्या नजरेत फार वर चढला. जॉन्सनच्या बेदरकारपणाची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागली. लुईला त्याच्या व्यवस्थापकांनी बजावले होते की गोऱ्या स्त्रीबरोबर फोटो काढायचा नाही, पाडलेल्या माणसाकडे बघून हसायचे नाही. त्यामुळे त्याचा चेहरा दगडासारखा दिसतो आणि लोक त्याला मठ्ठ समजतात. चेहरा सोडा, हात बघा! त्याचे ठोसे वीतभर अंतराचे आहेत. लांबून येणारा हात कुठे दिसतच नाही, समोरचा फक्त कोसळताना दिसतो. जर्मनीच्या माक्स श्मेलिंगने मात्र लुईच्या लढती बारकाईने बघितल्या, चित्रफिती पुन्हा पुन्हा लावल्या आणि त्याला दिसले की डावा हात मारून परत घेताना लुई तो खाली सोडतो. जून 1936 मध्ये त्याच मोकळ्या जागेतून उजवा हात घालून त्याने लुईला बाराव्या फेरीत पाडले. नाझींनी त्या लढतीचा सिनेमा करून जर्मनीभर दाखवला. वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून! दोन वर्षांनी, 22 जून 1938 रोजी, लुईने श्मेलिंगला 124 सेकंदांत संपवले. दोन्ही लढती एकामागून एक बघाव्यात. दुसऱ्या लढतीत श्मेलिंगला उजवा हात टाकायला वेळच मिळत नाही.

चित्रफीत खोटी करता येते का? येते, आणि त्यासाठी संगणकाची वाट बघावी लागली नाही. 1967 मध्ये मुहम्मद अलीने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. त्याचे पद काढून घेतले, पाच वर्षांची शिक्षा सुनावली, तीन वर्षांहून अधिक काळ त्याला लढू दिले नाही. त्याच काळात 1969 मध्ये त्याला आणि निवृत्त गोरा जगज्जेता रॉकी मार्सियानोला एका स्टुडिओत आणून लुटुपुटीच्या फेऱ्या चित्रित केल्या. निकाल म्हणे संगणकाने काढला. जानेवारी 1970 मध्ये अमेरिकेच्या चित्रपटगृहांत लोकांनी बघितले की मार्सियानो तेराव्या फेरीत अलीला पाडतो आहे. युरोपातल्या प्रेक्षकांना मात्र अली जिंकल्याचा शेवट दाखवला गेला! प्रत्यक्ष रिंगमध्ये ज्याला उभे राहू देत नव्हते, त्याला पडद्यावर पाडून घेतले. आज कोर्टात मोबाईलवरचे चित्रीकरण दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र का लागते, हे ज्युनिअर वकिलांना समजावताना मी ही गोष्ट सांगतो.

आता अली. आमच्या पिढीच्या कार्यकर्त्यांना त्याच्याबद्दल वेगळे सांगायला नको. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन, आणि तो सारा काळ अलीचा होता. गुलामीचे नाव टाकून देणे, धर्म बदलणे, सत्तेला तोंडावर नाही म्हणणे. 14 ऑक्टोबर 1956 ची दीक्षा ज्यांच्या घरात झाली त्यांना हा माणूस आपला वाटणारच. 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. मी तो निकाल वाचला आहे, शिक्षा तांत्रिक मुद्द्यावर गेली, पण गेली.

माझ्या खोलीत विद्यार्थी असताना अलीचा फोटो होता. म्हणून पुढचे लिहिताना हात जड होतो. फेब्रुवारी 1967 मध्ये एर्नी टेरेलने त्याला जुन्या नावाने हाक मारली. अलीने पंधरा फेऱ्या त्याला मारत विचारले, माझे नाव काय? हा प्रसंग मी भाषणात कितीतरी वेळा सांगून टाळ्या घेतल्या आहेत. अर्ध्या मिनिटाचा तुकडा बघून सांगत होतो. आता अख्खी लढत बघितली. टेरेलचा डोळा बंद झालेला आहे, तो बचावापलीकडे काही करू शकत नाही, आणि अली त्याला मारत राहतो, विचारत राहतो. टेरेलही काळाच होता. टाळ्या घ्याव्या असे त्यात काही नाही. मी तो प्रसंग भाषणातून काढून टाकला आहे.

आणि जो फ्रेझर! दक्षिण कॅरोलिनातल्या गरीब शेतमजुराचा मुलगा. फिलाडेल्फियात कसाईखान्यात काम करायचा, टांगलेल्या मांसावर ठोसे मारून सराव करायचा. अलीला बंदी असताना त्याने अलीला मदत केली, त्याचा परवाना मिळावा म्हणून बोलला. लढत ठरल्यावर अलीने त्याची काय परतफेड केली? त्याला गोऱ्यांचा चमचा ठरवले, गोरिला म्हटले, आणि 1975 मध्ये मनिलाला रबरी गोरिला हातात घेऊन पत्रकारांपुढे ठोसे मारून दाखवले. काळ्या माणसाला माकड म्हणणे ही शिवी कोणाची? आणि ती उच्चारतो कोण? गोरे पत्रकार हसत होते. ही चित्रफीत बघून मला आपल्याच चळवळीतले मंच आठवले, जिथे एक गट दुसऱ्या गटाच्या कार्यकर्त्याला 'विकला गेलेला' ठरवतो आणि प्रस्थापित पेपर ते ठळक अक्षरांत छापतात.

8 मार्च 1971 ची न्यूयॉर्कची लढत भाच्याबरोबर पूर्ण बघितली. फ्रेझर बुटका, वाकून, डोके हलवत आत शिरतो. तीन ठोसे खातो तेव्हा एक देतो, पण त्याचा तो एक अलीला हलवून जातो. पंधराव्या फेरीत त्याचा डावा हात येतो आणि अली पाठीवर पडतो. त्यानंतर तो ज्या झटक्यात उठतो, त्यात अलीचेही मोठेपण आहे. 1 ऑक्टोबर 1975 ला मनिलात चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरचे दोन्ही डोळे सुजून जवळजवळ मिटले, तेव्हा त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. त्याला पंधरावी हवी होती. अली श्रेष्ठ होता, यात मला शंका नाही. पण त्याचा फोटो लावताना शेजारी फ्रेझरचा लावायला हवा होता.

फिलाडेल्फिया शहराने काय केले ते ऐका. 'रॉकी' नावाच्या सिनेमातल्या काल्पनिक गोऱ्या मुष्टियोद्ध्याचा पुतळा त्या शहरात 1980 च्या दशकात उभा राहिला. त्या सिनेमात मांसावर ठोसे मारायची जी दृश्ये आहेत ती फ्रेझरच्या आयुष्यातून उचललेली. हाडामांसाच्या फ्रेझरचा पुतळा त्या शहरात बसला 2015 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. पुतळ्याचे राजकारण आपल्याला कोणी शिकवू नये, पण हे वाचून मीही थक्क झालो.

हे सगळे ज्यांच्या चित्रफिती आहेत त्यांच्याबद्दल. ज्यांच्या नाहीत त्यांचे काय? सॅम लँगफोर्डच्या शेकडो लढतींपैकी अगदी मोजक्या चित्रित झाल्या. पाच फूट सात इंच उंचीचा हा माणूस आपल्याहून हातभर उंच मल्लांना पाडत असे, हे आपल्याला मुख्यतः वर्तमानपत्रांवरून कळते. शेवटी तो आंधळा झाला. 1944 मध्ये एका पत्रकाराला तो हार्लेममधल्या खोलीत कंगाल अवस्थेत सापडला. आपल्या पळवणकर बाळूंचेही तेच. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले, हे धावफलकावर आहे. पुण्यात त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून मिळत असे, हेही नोंदलेले आहे. चेंडू कसा वळायचा हे बघायला मात्र काही नाही.

आमच्या वस्तीत एक पैलवान आहेत. वय पंच्याऐंशीच्या पुढे. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. तरुणपणी एका गावच्या जत्रेत ते लंगोट कसून फडात उतरले आणि दिवसभर उभे राहिले. पंचांनी जोडच दिली नाही. हलगी वाजवायला आमचेच लोक होते, तिच्या तालावर शड्डू ठोकायला आमचा माणूस चालत नव्हता. संध्याकाळी नारळाची कुस्तीसुद्धा न खेळता ते परत आले. लहानपणापासून हे मी ऐकत आलो, पण तात्या कुस्ती कशी करायचे हे मी कधी विचारले नव्हते.

यंदा भाचा पुन्हा आला तेव्हा त्यानेच विषय काढला. आम्ही दोघे तात्यांच्या अंगणात गेलो. भाच्याने पाण्याच्या माठाला टेकवून मोबाईल उभा केला, चौकटीत तात्या नीट बसतात का बघितले आणि म्हणाला, "तात्या, तुमचा ढाक कसा लागायचा ते माझ्यावर करून दाखवा."

तात्या खाटेवरून उठले नाहीत. मोबाईलकडे बोट करून विचारले, "चालू हाय का ते?"

"चालू हाय, तात्या."

"मंग डाव मागून दाखवतो. आधी जोड का नाही दिली, ते घे त्याच्यात."